फळ्यावरचा भाव आणि ताटातला भाव

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरात जी झाडलोट चालते, तिच्यात माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. यंदा आमच्या माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली आणि तिच्यातून माझ्या हिशेबाच्या जुन्या वह्या निघाल्या. १९६८ च्या जूनमध्ये मी नोकरीसाठी मुंबईस निघालो, तेव्हा वडिलांनी एकच अट घातली होती. रोजचा खर्च रोज लिहायचा आणि महिनाअखेर त्याची नक्कल घरी धाडायची. वडील गेल्यावर नक्कल थांबली. वही मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिली.

नातीने वही उघडली आणि ओरडलीच, "आजोबा, चहा पंधरा पैशांना? मग तुम्ही नुसती चैनच करत असाल!"

आमच्या पिढीने या पोरांना 'आमच्या वेळी' म्हणून इतके पिडले आहे की तिचा तसा समज झाला, यात नवल नाही. आम्ही चहाचा भाव सांगतो, पण त्या वेळी पगार किती होता ते सांगत नाही. मला तेव्हा महिना एकशे ऐंशी रुपये मिळत आणि त्यांतले चाळीस घरी जात. एवढे सांगितले की स्वस्ताईची निम्मी गोडी कमी होते. पण आमच्या आठवणीत याहूनही मोठी एक चूक असते आणि ती मला या वह्यांनी या वयात दाखवून दिली. आपण पदार्थाचा भाव लक्षात ठेवतो, त्या भावात ताटात काय आणि किती पडत होते ते विसरतो. हॉटेल-खानावळीतली महागाई मोजणे अवघड आहे ते याच कारणाने.

महागाई मोजण्याचे शास्त्र मुंबईत आले ते काही पंडितांच्या हौसेखातर नव्हे. पहिल्या महायुद्धात धान्य आणि कापड महागले, मजुरी मागे राहिली, आणि १९१९ व १९२० अशा लागोपाठ दोन वर्षी गिरण्यांत मोठे संप झाले. मालक म्हणत, मजुरी वाढवून दिली आहे. कामगार म्हणत, पोट भरत नाही. दोघांपैकी खरे कोणाचे हे सांगणारे एखादे माप हवे होते. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढले, 'लेबर गॅझेट' नावाचे मासिक सुरू केले आणि मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. जुलै १९१४ मधला खर्च शंभर धरायचा आणि आज तेवढ्याच जिनसांना किती पडते ते पाहायचे, अशी त्याची रीत.

निर्देशांक म्हणजे काय, हे घरातल्या बायकांना समजावून सांगायला नको. चकलीच्या भाजणीला तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडीद किती, हे प्रमाण घरोघरी ठरलेले असते. गेल्या दिवाळीला त्या यादीला किती पैसे पडले आणि यंदा किती, एवढेच पाहायचे. प्रमाण मात्र बदलायचे नाही आणि जिन्नसही तोच हवा. गेल्या वर्षी चांगला तांदूळ घेतला आणि यंदा कणी आणली, तर भाजणी स्वस्त पडली असे कोणी म्हणणार नाही. 'तोच जिन्नस, तेवढाच जिन्नस' या दोन खांबांवर हे शास्त्र उभे आहे.

त्या लेबर ऑफिसचे प्रमुख फिंडले शिरास यांनी मुंबईतल्या कामगारांच्या घरखर्चाची मोठी पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२३ साली छापला. त्यात कुटुंबांचे हिशेब वेगळे आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे वेगळे घेतले होते, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. कारण गिरणगावात एकट्या पुरुषांची वस्ती थोडीथोडकी नव्हती. बायकामुले कोकणात नाही तर घाटावर, बाप्या मुंबईत. दहा-पंधरा जणांनी एक खोली घ्यायची, पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवायला कोणा बाईच्या खानावळीत जायचे. या माणसाला डाळ-तांदळाचा भाव बाजारात नव्हे, ताटात कळे. निर्देशांकाच्या यादीत मात्र अन्न, जळण व दिवाबत्ती, कपडे आणि घरभाडे असे विभाग होते, आणि अन्नात धान्य, डाळी, साखर असे कच्चे जिन्नस. खानावळीचे शिजलेले ताट त्या यादीत नव्हते. चूल घरात आहे असे धरून सारा हिशेब मांडलेला, आणि ज्याच्या घरात चूलच नाही असा माणूस त्या हिशेबाच्या दाराबाहेर उभा.

कच्चा जिन्नस मोजणे सोपे असते. शेर म्हणजे शेर आणि किलो म्हणजे किलो. शिजलेल्या जिनसाचे तसे नाही. साधा चहा घ्या. मुंबईतल्या इराण्याकडे पूर्वी चहा आण्यांत मिळे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा पैसे होतात. पण पाव पैशाचे नाणे कोठून आणायचे? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे ठरवून दिले. म्हणजे आणेवारी चहात गिऱ्हाइकाला पाव पैसा सुटला आणि तीन आण्यांच्या जिनसात तोच पाव पैसा मालकाला मिळाला. त्या कोष्टकावरून गल्ल्यापाशी किती हुज्जती झाल्या असतील याची कल्पनाच करावी! पण वाद घालणारे सारे पैशाकडे पाहत होते. पेल्यात चहा कोठवर भरला आहे, तिकडे कोणाचे लक्ष असणार?

मुंबईच्या 'कटिंग'ची गोष्ट हीच. मूळ पद्धत अशी की एक चहा दोघांत वाटून घ्यायचा. कटिंग म्हणजे अर्धा चहा. पुढे हळूहळू ते अर्धे मापच पुष्कळ ठिकाणी चहाचे माप होऊन बसले. आता एखाद्या पाहणी करणाऱ्याने 'चहा, एक पेला' असे लिहून दोन काळांतले भाव शेजारी मांडले, तर एकीकडे पूर्ण पेला येईल आणि दुसरीकडे निम्मा. आकडे खरे, पण निष्कर्ष खोटा.

टंचाईच्या काळात तर हॉटेलातला जिन्नसच बदलतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मे महिन्यात, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. १९६५ साली युद्ध आणि धान्यटंचाई एकदम आली आणि लालबहादुर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याची हाक दिली, तेव्हा सोमवारी संध्याकाळी कित्येक हॉटेलांनी दारे लावून घेतली. घरोघरी तो उपास देवाच्या उपासासारखा पाळला जाई. ज्याचे जेवणच हॉटेलात, त्याचा उपास मात्र त्याने न ठरवता घडे. अशा दिवशी जेवणाचा भाव काय लिहायचा? जेवण नव्हते, म्हणून भावही नव्हता.

निर्देशांकाचे हे गणित कागदावर राहत नाही, ते पगाराच्या पाकिटात उतरते. गिरणी कामगाराचा महागाई भत्ता या आकड्याला बांधलेला. आकडा एका अंशाने चुकला की हजारो घरांत तेवढा घास कमी पडे. मुंबईच्या कामगारांचे म्हणणे असे की खरी महागाई आकड्यात उतरतच नाही. हा वाद इतका पेटला की १९६३ साली राज्य सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली आणि समितीने मुंबईच्या निर्देशांकात दुरुस्ती सुचविली. 'सरकारी आकडा' म्हणजे वेदवाक्य नव्हे, तो तपासून पाहता येतो, हा धडा गिरणगावाने त्या वर्षी शिकविला.

मी मुंबईस आलो तो या वादाच्या गोष्टी ऐकतच. लालबागेत एका चाळीत आम्ही सहा जण राहत होतो आणि तळमजल्यावर एका सातारकर मावशींच्या खानावळीत जेवत होतो. दोन वेळचे जेवण, महिना पंचेचाळीस रुपये. चार चपात्या, भाजी, आमटी, भात. बुधवारी आणि रविवारी बांगडा. मावशींचा मुलगा लहान, नवरा गिरणीत आजारी पडून घरी बसलेला. पहाटे चारला त्यांचा स्टोव्ह पेटे आणि रात्री अकराला विझे. १९७१ त दर पंचावन्न झाला. कोणी काही बोलले नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. तेल, साखर, रॉकेल, काही म्हणून सुखासुखी मिळेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या दिवसांतली ही हकिकत. देशातल्या घाऊक किमती १९७३–७४ त सुमारे वीस टक्क्यांनी आणि त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे पंचवीस टक्क्यांनी चढल्या. १९७४ च्या जुलैत मावशींनी सांगितले, "पुढल्या महिन्यापासून सत्तर रुपये द्यावे लागतील, भाऊ."

पंचावन्नाचे एकदम सत्तर! आम्हा साही जणांना ते फार वाटले. त्यांतला शिकलेला मी. तेव्हा हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे आले. मी रेशनच्या दुकानातले गव्हाचे, तांदळाचे आणि साखरेचे भाव घेतले, वर्षापूर्वीचे आणि तेव्हाचे शेजारी मांडले, आणि सिद्ध केले की वाढ फार तर आठव्या हिश्शाची आहे. म्हणजे बासष्ट रुपये पुरे. तो कागद मी मावशींपुढे ठेवला. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मोठ्याने वाचूनही दाखविला.

त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊ, गहू लिवलाय, तांदूळ लिवलाय. ह्ये हात कुठं लिवलेत?"

साही जण हसले. मीही हसलो. तीन महिने आम्ही बासष्टच दिले आणि मग दुसरी खानावळ धरली. माझ्याकडे महिन्याला आठ याप्रमाणे चोवीस रुपये राहिले. माझ्या वहीत त्या दिवशी लिहिले आहे : 'हिशेबाने खाते बंद.'

आता त्या हिशेबात काय काय नव्हते ते सांगतो. रेशनवर मिळणारे धान्य पुरत नसे, उरलेले खुल्या बाजारात घ्यावे लागे. तो भाव मी धरलाच नव्हता. रॉकेल रांगेत मिळाले नाही तर काळ्या बाजारातले. तेल तर मी यादीतच घेतले नव्हते. जेवणारे पैसे महिनाअखेर देत, कित्येक जण दोन-दोन महिने थकवीत; वाण्याला मात्र रोख द्यावे लागे. मधली खिंड सावकाराच्या कर्जाने भरायची. त्या कर्जाचे व्याज प्रत्येक ताटात वाढलेले होते, पण ते दिसत नव्हते. आणि पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत राबणारे हात मी शून्य रुपयांना धरले होते.

हे मला एकदम उमगले असे नव्हे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले. ते वाचले तेव्हा या धंद्यात व्याज नावाची गोष्ट आहे, हे प्रथम माझ्या ध्यानात आले. चोवीस रुपये घेऊन मी चाळीत गेलो. खोलीला दुसऱ्याचे कुलूप होते. मावशी गावी गेल्या, एवढेच शेजारणीला ठाऊक. गावाचे नाव कोणालाच सांगता आले नाही. पुढे १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्यांचे जेवणारेच गावी परतले त्या खानावळवाल्यांचे काय झाले असेल, असे मला तेव्हा वाटे. आणि प्रत्येक वेळी त्या मावशीच डोळ्यांपुढे येत.

यंदा वही पुन्हा चाळताना मात्र आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहितो आहे. माझ्या वहीला डाव्या बाजूस समास आहे. त्यात मी तेव्हा तक्रारी लिहीत असे. १९७३ च्या सप्टेंबरात लिहिले आहे : 'आजपासून चपात्या तीन.' नोव्हेंबरात : 'बुधवारचा बांगडा बंद.' आणि १९७४ च्या ऑगस्टात, ज्या महिन्यात दर सत्तर झाला त्याच महिन्यात, माझ्याच अक्षरात : 'चपात्या पुन्हा चार. बांगडा आला.'

वाचकांनीच हिशेब करावा. पंचावन्न रुपयांत तीन चपात्यांचे ताट म्हणजे चपातीमागे महिना अठरा रुपये तेहेतीस पैसे. सत्तर रुपयांत चार चपात्या म्हणजे साडेसतरा रुपये, आणि वर बांगडा. ज्याला मी दरवाढ म्हणालो ती ताटाच्या हिशेबाने दरवाढ नव्हतीच. खरी महागाई आली होती वर्षभर आधी, फळ्यावरचा भाव न बदलता, एका चपातीच्या रूपाने. तेव्हा मी समासात कुरकुर केली, पण हिशेबात ती धरली नाही. उलट मावशींनी ताट पूर्ववत केले आणि त्याची खरी किंमत उघडपणे सांगितली, तेव्हा मी भांडलो. भाव आणि ताट दोन्ही माझ्याच वहीत होती. एक पानावर, दुसरे समासात. मी फक्त पान वाचले.

फळ्यावरचा भाव जबरीने बांधला तर काय होते, याचेही उदाहरण त्याच काळातले. बंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूम्स या जुन्या उपाहारगृहाची ख्याती मोठी. युद्धकाळात तांदूळ मिळेना तेव्हा रव्याची इडली आपल्याकडेच निघाली, असे तेथले लोक सांगतात. आणीबाणीच्या दिवसांत खाद्यपदार्थांचे दर सरकारने फार खाली बांधून दिले. मालकांनी जिनसाचा दर्जा कमी करण्याचे नाकारले आणि रोज किती तोटा आला ते दाराबाहेर लिहून लावले, अशी हकिकत सांगतात. शेवटी उपाहारगृह बंद करून त्यांना तयार पिठांच्या धंद्याकडे वळावे लागले. ते पुन्हा उघडले १९८४ त. बांधलेल्या दरात ताट तरी लहान होते, नाही तर दुकान तरी बंद होते.

महागाई मोजणारे लोक आता पुष्कळ सावध झाले आहेत. २०१२ हे पायाचे वर्ष धरून देशाचा जो ग्राहक किंमत निर्देशांक काढला जात असे, त्यात तयार जेवण, फराळ, मिठाई यांना शंभरांत ५.५५ एवढे वजन होते. २०२२–२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरातल्या माणसाच्या दर शंभर रुपयांतले १०.६४ आणि खेड्यातल्या माणसाचे ९.६२ रुपये पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांवर जात असल्याचे आढळले. अन्नाच्या दुसऱ्या कोणत्याही एका गटावर एवढा खर्च नव्हता. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत तर उपाहारगृहे आणि निवास यांचा अकरावा विभागच स्वतंत्र आहे. तसेच हवे, कारण डोशाचा भाव हा तांदळाचा भाव नव्हे. त्यात जागेचे भाडे आहे, गॅस आहे, वाढणाऱ्या पोऱ्याचा पगार आहे. तांदूळ उतरला म्हणून डोसा उतरल्याचे कोणी पाहिले आहे काय?

तरी जुनी चूक अधूनमधून डोके वर काढतेच. २०१९–२० च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत 'थाळीनॉमिक्स' नावाचे एक प्रकरण होते. देशातल्या सुमारे ऐंशी केंद्रांतले भाव घेऊन २००६ पासून थाळी कामगाराला कितपत परवडते, हे त्यात मोठ्या कष्टाने काढले होते. प्रयत्न कौतुकाचा, पण ती थाळी धान्य, डाळ, भाजी, तेल, मसाला आणि जळण यांची होती, म्हणजे घरी रांधलेली. ती वाचताना मला मावशींचा प्रश्न आठवला. हात कुठं लिवलेत?

उलट, एक गोष्ट पाहून समाधान वाटले. १९९५ साली आपल्या राज्यात एका रुपयात झुणका-भाकर निघाली होती. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्या सरकारी कागदात नुसता दर नव्हता. दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात असे ताट लिहून दिले होते. शिवाय या ताटाला शहरात पन्नास आणि खेड्यात पस्तीस रुपये पडतात, गिऱ्हाईक दहा देईल आणि वरचे सरकार भरील, हेही त्यात होते. योजना कशी चालली याचे हिशेब ज्याचे त्याने करावेत. पण भाव, ताट आणि खरा खर्च या तिन्ही गोष्टी एका कागदावर होत्या. १९७४ त माझ्या कागदावर यांतली जेमतेम एक होती.

नातीला मी हे सारे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "मग त्या चोवीस रुपयांचे आज किती झाले असतील, आजोबा?"

मी निर्देशांकाचे आकडे घेऊन बसलो, पेन्सिलीला टोक केले, आणि थांबलो. धान्याच्या भावाने धरायचे की ताटाच्या? व्याज धरायचे का? आणि त्या हातांचे काय धरायचे? मी पेन्सिल खाली ठेवली. वहीत 'हिशेबाने खाते बंद' असे जेथे लिहिले होते, तेथे समासात लिहिले : 'चोवीस रुपये देणे आहे.'

मग स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडे फराळ करू लागायला एक बाई दोन दिवस येतात. गेल्या वर्षी ठरलेलेच पैसे यंदाही द्यायचे, असे घरात बोलणे झाले होते. मी त्यांना विचारले, "ताई, यंदा किती द्यायचे?"

चकलीचा सोऱ्या तसाच हातात धरून त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना तसे कोणी विचारले नसावे.